विश्लेषण : कर्णबधिर संघाच्या हेल्मेटमध्ये पडदा कशासाठी?

वॉशिंग्टनमधील गॅलोडेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ २०२३च्या हंगामातील पहिले चारही सामने हरला होता. ७ ऑक्टोबरला मात्र त्याने हिल्बर्ट कॉलेजला ३४-२० असे हरवले. एरवी एवढ्या छोट्या लढतीची दखल कॉलेजबाहेर कुणी घेतली नसती. पण त्या दिवशी गॅलोडेटच्या क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये, अगदी डोळ्यासमोर, एक छोटा पडदा होता. प्रशिक्षकाचा निरोप त्यावर थेट दिसत होता. त्याची गरज का पडली, हे पाहू.

हे विद्यापीठ कोणते?

गॅलोडेट हे कर्णबधिरांचे विद्यापीठ आहे. १८६४ मध्ये अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या सहीने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. अमेरिकी सांकेतिक भाषा आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत येथे शिक्षण चालते. फुटबॉल संघ महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एनसीएए) तिसऱ्या श्रेणीत खेळतो. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. तरीही २०१३ मध्ये या संघाने नियमित हंगामातील दहापैकी नऊ सामने जिंकले आणि प्रथमच राष्ट्रीय बाद फेरी गाठली. तेथे पहिल्याच सामन्यात होबार्टने त्यांना हरवले.

‘हडल’ इथूनच आली?

क्रिकेट सामन्याआधी खेळाडू खांद्यावर हात टाकून गोल उभे राहतात, ती हडल आपल्याला परिचित आहे. फुटबॉलमध्ये तिचे श्रेय गॅलोडेटचा क्वार्टरबॅक पॉल हबर्ड याला दिले जाते. काळ १८९४च्या सुमाराचा. समोर कर्णबधिरांचाच दुसरा संघ असला की हातवारे पाहून डावपेच कळत. म्हणून हबर्डने सहकाऱ्यांना गोलात घेतले आणि खुणा आडोशाला केल्या. पुढे ऐकू येणाऱ्या संघांनीही ही पद्धत उचलली.

मग अडचण काय होती?

या खेळात प्रत्येक चालीआधी प्रशिक्षक डाव ठरवतो आणि मैदानाबाहेरून तो क्वार्टरबॅकला कळवतो. महाविद्यालयीन सामन्यांत दोन चालींमध्ये साधारण ४० सेकंद मिळतात. ऐकू येणारा क्वार्टरबॅक समोरच्या बचावफळीवर नजर ठेवून ओरडलेली सूचना ऐकू शकतो. गॅलोडेटच्या क्वार्टरबॅकला मात्र सूचना वाचण्यासाठी मान वळवून सीमारेषेकडे बघावे लागते. तेवढ्यात बचावफळीने जागा बदलल्या तर ते त्याच्या नजरेतून सुटते. म्हणजे कानाचे कामही डोळ्यांवर येते आणि डोळे एका वेळी एकाच दिशेला बघू शकतात.

हेल्मेट काम कसे करते?

प्रशिक्षक टॅबलेटवर डाव निवडतो. तो ५जी जाळ्यावरून हेल्मेटमध्ये पोहोचतो आणि डोळ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर उमटतो. मान वळवावी लागत नाही. दूरसंचार कंपनी एटी अँड टी आणि विद्यापीठ यांनी मिळून हे हेल्मेट तयार केले. हिल्बर्टविरुद्धच्या सामन्यासाठी एनसीएएने त्याला परवानगी दिली होती.

ही विशेष सवलत आहे का?

व्यावसायिक फुटबॉल लीग एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये १९९४ पासून रेडिओ आहे. तेथे त्याला कुणी सवलत म्हणत नाही. क्रिकेटने उलट निर्णय घेतला. १९९९च्या विश्वचषकात भारताविरुद्ध दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए कानात यंत्र लावून उतरला, तेव्हा त्याला ते काढायला लावले गेले. साधन चालेल की नाही, हे प्रत्येक खेळ आपापल्या नियमाने ठरवतो. ते चालणार असेल, तर ते फक्त आवाजावरच का चालावे, एवढाच गॅलोडेटचा प्रश्न आहे.

त्यातली गंमत अशी की ऐकू येणारे मोठे संघही खुणांवरच खेळत होते. लाखभर प्रेक्षकांच्या गोंगाटात हाक पोहोचत नाही. म्हणून सीमारेषेवरून हातवारे केले जातात, चित्रांचे फलक धरले जातात. त्याच ऑक्टोबरमध्ये मिशिगन विद्यापीठावर प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरण्यासाठी त्यांच्या सामन्यांना माणसे पाठवल्याचा आरोप झाला. हबर्डला १८९४ मध्ये जी धास्ती होती, तीच ही. २०२४ मध्ये एनसीएएने सर्वोच्च उपश्रेणीतील संघांना हेल्मेट-रेडिओची मुभा दिली. गॅलोडेटच्या क्वार्टरबॅकला मात्र अशा रेडिओचा उपयोग नाही.

हेल्मेटने सामना जिंकला का?

तसे म्हणता येणार नाही. गुण खेळाडूंनीच मिळवले. शिवाय पडद्याने निरोपाचा एकच टप्पा सुटतो, प्रशिक्षकापासून क्वार्टरबॅकपर्यंतचा. पुढच्या दहा सहकाऱ्यांना निरोप अजूनही हातांनीच द्यावा लागतो. चेंडूसमोर वाकून, क्वार्टरबॅककडे पाठ करून उभ्या राहिलेल्या खेळाडूला आयत्या वेळी बदललेला डाव कसा कळवायचा, हा पेच उरतोच. अशा आयत्या बदलाला फुटबॉलमध्ये शब्दच आहे ‘ऑडिबल’, म्हणजे ऐकू येणारा. नियम, साधने आणि शब्द तयार करताना कुणाचे कान गृहीत धरले होते, हे त्या एका शब्दावरून कळते.