काळ्या पाण्यावरचा कारभार

अंदमान म्हटलें कीं सेल्युलर तुरुंग डोळ्यांपुढें येतो. तो १९०६ सालीं पुरा झाला. काळें पाणी त्याहून जुनें. मार्च १८५८ मध्यें डॉक्टर वॉकर पहिले बंदी घेऊन तेथें उतरले. हैदराबादच्या रेसिडेन्सीवर १८५७ सालीं चालून गेलेले मौलवी अलाउद्दीन पुढें तिकडेच गेले. नानासाहेब पेशव्यांचा निरोप घेऊन कौलासकडे आलेले रंगराव पटवारीही. त्यांनीं त्यापूर्वीं समुद्र पाहिला होता कीं नाहीं, कोण जाणे!

आरंभीं कोठड्या नव्हत्याच. बंदी जंगल तोडीत, रस्ते बांधीत. वर्षानुवर्षें वर्तणूक चांगली राहिल्यास त्यास जमीन मिळे, स्त्री-बंद्याशीं विवाहाची परवानगीही मिळे. निरनिराळ्या प्रांतांच्या व जातींच्या या जोडप्यांचीं मुलें हिंदुस्थानी बोलूं लागलीं. तीं जन्मानें मोकळीं. परंतु कारभार आधीं सुपरिंटेंडेंटाच्या आणि १८७२ पासून चीफ कमिशनराच्या हातीं राहिला. मध्यंतरीं १९४२ ते १९४५ जपानी अंमल झाला, तो तर फारच क्रूर.

१९५६ सालीं अंदमान-निकोबार केंद्रशासित प्रदेश झाला. आमच्या नांदेड-लातुराकडे निजामी जाऊन १९५२ सालीं मतपेटी आली. अंदमानकरांस आपला खासदार स्वतः निवडण्यास १९६७ साल उजाडावें लागलें. विधानसभा त्यांना आजही नाहीं. उपराज्यपाल दिल्लीहूनच नेमला जातो.