मालाच्या गाडीची सीट : आधी सांगाडा, मग रेक्झिन

नळदुर्ग हे सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे गाव. कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या जुन्या टेम्पोचे इंजिन मालक वेळेवर उघडतात. खचलेली सीट मात्र तशीच राहते. त्यामुळे ड्रायव्हरची कंबर जाते आणि ब्रेकवर पाय पुरता बसत नाही.

व्यापारी बांधवांनी नुसते नवे रेक्झिन चढवू नये. आधी सांगाडा, स्प्रिंगा व तळाचे बोल्ट तपासावेत. फोम जाडीवर नव्हे, वजनावर घ्यावा; ४० डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला ४० किलोचा, हलक्या फोमसारखा लवकर दबत नाही. उन्हाळ्यात रेक्झिन तापते, म्हणून वर जाड सुती खोळ घालावी. शेवटी ड्रायव्हरला बसवून ब्रेक पूर्ण दाबला जातो का पाहावे, मगच कारागिराचे पैसे चुकते करावेत.