अडलेल्या घासाचं ऑपरेशन

बारामती-इंदापूरकडे बाजरीची भाकरी कालवणात कुस्करून खातात, त्यामुळे एखाद्याला घास गिळता येत नाही हे घरच्यांच्याही लवकर लक्षात येत नाही. इंदापूर तालुक्यातल्या ज्या शेतकऱ्याचं ऑपरेशन मी परवानगी काढून पाहिलं, ते दर घासावर पाणी प्यायचे, मान ताणून उभ्यानं जेवायचे. पण पाण्याचाही भरवसा नव्हता. एखाद्या दिवशी भाकरी उतरायची आणि चहा अडायचा. लग्नाच्या पंगतीला बसणं त्यांनी सोडूनच दिलं. रात्री आडवं झालं की खाल्लेलं तोंडाशी यायचं, खोकल्याची उबळ यायची. वजन उतरलं तशी टीबीची तपासणी झाली; पित्ताच्या गोळ्या तर चालूच होत्या. दुर्बीण घालून पाहिलं, तेही ‘नॉर्मल’. सुरुवातीला असं होऊ शकतं, कारण दोष आतल्या अस्तरात नसतोच.

आजाराचं नाव अकॅलेशिया. वर्षाला लाखात साधारण एकाला होतो. अन्ननलिकेच्या भिंतीतल्या, स्नायू सैल करणाऱ्या चेतापेशी मरतात. मग जठराच्या तोंडाशी असलेली झडप आवळलेलीच राहते आणि वरची नळीही घास पुढे ढकलत नाही. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत फुगलेली नळी आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखं टोक दिसतं. नळीतला दाब मोजणाऱ्या मॅनोमेट्रीनं खात्री होते. त्यासाठी त्यांना पुणं गाठावं लागलं.

स्नायू कापून झडप मोकळी करायची हेलर यांची शस्त्रक्रिया १९१३ सालची. तेच काम तोंडातून दुर्बीण घालून जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये माणसावर पहिल्यांदा केलं. डॉक्टर त्याला ‘पोएम’ म्हणतात.

पूर्ण भूल दिली. आधीपासून पातळ आहारावर ठेवूनही नळीत भाताची शितं निघाली. ती काढण्यातच बराच वेळ गेला. मग सुईनं निळं पाणी अस्तराखाली सोडलं, अस्तर फुगून वर आलं, तिथे चीर देऊन दुर्बीण आत शिरली. पडद्यावर निळसर धाग्यांचं जाळं. विजेच्या सुरीनं ते तोडत अस्तर आणि स्नायू यांच्यामधून बोगदा खणायचा, तो जठरात दोन-तीन सेंटिमीटर उतरेपर्यंत. वाटेत रक्तवाहिनी दिसली की हात थांबायचा. ती शेकून बंद केल्याशिवाय पुढे जायचं नाही. स्नायूंचे आडवे, पांढरट पट्टे कापणं त्यामानानं लवकर उरकलं. शेवटी चिरेवर क्लिपा लावल्या. चीर वर आणि कापलेला स्नायू खाली, मधलं अस्तर शाबूत, त्यामुळे अन्न छातीत गळत नाही. सगळी करामत या बोगद्यात आहे.

यश मोजतात एकार्ट गुणांकावर. घास अडणं, अन्न उलटणं, छातीत दुखणं, वजन घटणं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. एकूण तीन किंवा त्याहून कमी म्हणजे यश. यांचे नऊ होते, काही महिन्यांनी एक झाला. मोठ्या अभ्यासांचे आकडेही उत्साह वाढवणारेच आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन वर्षांनी पोएमचं यश ९२ टक्के, तर फुग्यानं झडप ताणण्याचं ५४ टक्के होतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत पोएम ८३ टक्के आणि दुर्बिणीतून पोटावर केलेली हेलर शस्त्रक्रिया जवळपास ८२ टक्के, म्हणजे बरोबरीच.

पण याच दुसऱ्या चाचणीत दोन वर्षांनी आम्लानं अन्ननलिकेला आलेली सूज पोएमनंतर ४४ टक्क्यांत आढळली, हेलरनंतर २९ टक्क्यांत. हे रुग्णाला आधीच, त्याच्या भाषेत सांगायला हवं. झडप कापली की घास खाली जातो तसं आम्लही वर येतं, आणि बऱ्याच जणांना जळजळ जाणवतही नाही. मेलेल्या चेतापेशी काही परत येत नाहीत. जेवण बसून, सावकाश आणि पाण्याबरोबरच करावं लागतं.

तेव्हा घरात कुणाला भाकरी आणि पाणी दोन्ही अडत असेल, तर पित्ताच्या गोळ्यांवर महिने काढू नका. पोटविकारतज्ज्ञाला बेरियमच्या एक्स-रेबद्दल विचारा. आधी भाकरी, मग भात, मग पाणी अशा क्रमानं अडत गेलं तर कर्करोगाची शंका आधी फेडून घ्या. आणि पोएम झालं असेल, तर कितीही बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितलेली पुढची दुर्बीण चुकवू नका.