विश्लेषण : गाडी थांबत नाही, तरी पंगत बसते! कॅन्ससमधील रेल्वे हॉटेल गावकऱ्यांनी कसे टिकवले?

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्लॉरेन्स नावाचे जेमतेम चारशे वस्तीचे गाव आहे. मालगाड्यांची ये-जा चालू असते, पण प्रवासी गाडी येथे थांबत नाही. तरीही रेल्वे प्रवाशांसाठी गाजलेल्या येथील हॉटेलात आजही जेवण वाढले जाते आणि ते वाढतात गावातले स्वयंसेवक.

हे हॉटेल एवढे महत्त्वाचे का?

दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत रेल्वेप्रवासातले जेवण म्हणजे शिक्षाच होती. शिळे अन्न, कडू कॉफी आणि घास तोंडात असतानाच वाजणारी शिट्टी. लंडनहून आलेल्या आणि सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये भांडी घासणाऱ्या फ्रेड हार्वे यांनी १८७६ मध्ये टोपेका स्थानकात सांता फे रेल्वेसाठी पहिले भोजनगृह काढले. दोन वर्षांनी त्यांनी फ्लॉरेन्सचे क्लिफ्टन हॉटेल घेतले. जेवणाबरोबर मुक्कामाची सोय असलेले हे त्यांचे पहिले ठिकाण. त्यासाठी थेट शिकागोच्या नामांकित पामर हाऊसमधील आचारी आणला. माळरानावरच्या गावात लिननचे टेबलक्लॉथ आणि चांदीचे काटे-चमचे!

अर्ध्या तासात जेवण कसे उरकत असे?

किती जण जेवणार याची मोजदाद गाडीतच होई आणि आकडा तारेने पुढच्या स्थानकाला कळवला जाई. गाडी येईपर्यंत पाने मांडलेली असत. पेयांसाठी तर खूणच ठरलेली होती: कप बशीत सरळ असेल तर कॉफी, पालथा असेल तर गरम चहा. मागणी विचारणारी एक आणि ओतणारी दुसरी, तरी चूक होत नसे. १८८३ पासून या साखळीत ‘हार्वे गर्ल्स’ म्हणजे तरुण वाढपी मुली नेमल्या जाऊ लागल्या. घराबाहेर पडून कमावण्याची अशी संधी तेव्हा मुलींना क्वचितच मिळे. त्यांच्यावर १९४६ मध्ये ज्युडी गार्लंडचा चित्रपटही आला.

मग हॉटेल बंद का पडले?

रेल्वेमुळेच! गाडीला भोजनयान जोडले गेले आणि जेवणासाठी थांबण्याची गरज संपली. मूळ इमारतीचा आज एक भागच उरला आहे. तो फ्लॉरेन्स हिस्टॉरिकल सोसायटीने घेऊन दुरुस्त केला आणि तेथे संग्रहालय उभे केले. आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना हार्वे गर्ल्सच्या काळ्या-पांढऱ्या पोशाखातील स्थानिक महिला जुन्या थाटाचे जेवण वाढतात. भिंती एकदा दुरुस्त करता येतात, पण एवढ्याशा गावातून वाढायला माणसे दरवेळी जमवावी लागतात. अवघड काम तेच.

जायचे कसे?

विचिटा शहरातून मोटारीने साधारण तासाभरात. रेल्वेनेच जायचा हट्ट असेल, तर ‘साउथवेस्ट चीफ’ फ्लॉरेन्समधूनच धावते, पण उतरावे लागते न्यूटनला. तेही मध्यरात्रीनंतर. नोंदणी केल्याशिवाय मात्र पान मिळेल या भरवशावर निघू नका.