देवडीवर कोण बसते?

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर विंडोज किंवा लिनक्स उमटेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यात एक छोटा प्रोग्राम आपले काम करून बाजूला होतो. तो बूट मॅनेजर. वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी कोणाला आत सोडायचे ते पाहतो, वाड्यात मात्र राहत नाही, तसाच हा. एका यंत्रात दोन प्रणाली नांदवायच्या असतील, तर याच्याशी ओळख हवीच.

ही ओळख आत्ताच करून देण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित पाठबळ संपले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि अनेक जुन्या यंत्रांत ती नाही. उत्रोलीत आणि शेजारच्या भोरच्या बाजारपेठेत असे धडधाकट संगणक मी नेहमी पाहतो. ते भंगारात घालायचे नसतील, तर जुने विंडोज हिशेबापुरते ठेवून इंटरनेटच्या कामाला शेजारी लिनक्स बसवता येते. लोक लिनक्सला घाबरत नाहीत. ‘आमचे आधीचे पुसले जाईल का?’ याला घाबरतात.

या भीतीला इतिहास आहे. जुन्या बायोस पद्धतीत डिस्कच्या अगदी सुरुवातीचे ५१२ बाइट वाचले जात. त्यातले ६४ डिस्कच्या वाटणीच्या नोंदीला, २ खुणेला. प्रोग्रामसाठी उरत ४४६. पोस्टकार्डभर मजकुराएवढी ही जागा, आणि तीही एकच. नंतर येणारा आधीच्याला उठवून तिथे बसे. लिनक्सचा जुना ‘लिलो’ कर्नल डिस्कवर नेमका कुठे आहे, तो पत्ता टिपून ठेवी. कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायचा राहिला, की यंत्र अडे. १९९५मध्ये एरिक बोलिन यांनी सुरू केलेला ‘ग्रब’ वेगळा निघाला. त्याला डिस्कवरील फायली वाचता येतात, त्यामुळे तो कर्नल नावाने शोधतो. लिलोचे काम २०१५च्या अखेरीस थांबले, ग्रब टिकला.

आजच्या यूईएफआय यंत्रांत देवडीच मोठी झाली आहे. डिस्कवर एक छोटा स्वतंत्र विभाग असतो आणि त्यात प्रत्येक प्रणालीचा आपापला फोल्डर असतो. कोणाला आधी बोलवायचे, हा क्रम यंत्राच्या स्मृतीत असतो. म्हणजे लिनक्स आल्याने विंडोजची बूट-फाइल पुसली जात नाही, फक्त रांग बदलते. खरा धोका डिस्कची वाटणी करताना असतो. म्हणून आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढावी, बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी, आणि लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह जादा किल्लीसारखा जपावा.

लिनक्स एक, पण त्याची वाणे अनेक. इंद्रायणी आणि आंबेमोहोर पिकवणाऱ्या मुलखात हे वेगळे समजावायला नको. डेबियन, उबुंटू, मिंट आणि सी-डॅकने डेबियनवरून घडवलेले ‘बॉस’ ही एका घराण्यातली. त्यांत इन्स्टॉलर ग्रब बसवतो. पुढे बदल केल्यावर ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिली की यादी नव्याने तयार होते. फेडोरात त्याच कामाला ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’ म्हणतात. तिथे यूईएफआय यंत्रावर ‘ग्रब२-इन्स्टॉल’ चालवू नये, कारण सही केलेला ग्रब पॅकेजमधूनच येतो. आर्चमध्ये सारे हाताने: ग्रब घ्यायचा की साधा, सुटसुटीत ‘सिस्टमडी-बूट’, हे आपणच ठरवायचे. आज्ञा वेगळ्या, पण पायऱ्या त्याच: प्रोग्राम देवडीत ठेवणे, यादी करणे, रांगेत नाव लावणे. या तीन पायऱ्या समजल्या की दुसऱ्या वाणाची आज्ञा आंधळेपणाने उतरवून घ्यावी लागत नाही.

एवढे करूनही कधी यादीत विंडोज दिसत नाही आणि घरात रडारड होते. २०२१च्या ग्रब २.०६पासून इतर प्रणाली शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेला असतो. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ बदलून यादी पुन्हा केली की विंडोज हजर. ते गेलेले नसते, त्याला हाक मारलेली नसते.

उलटही घडते. सिक्युअर बूट चालू असेल तर देवडीवर सहीचे पत्र दाखवावे लागते. लिनक्सच्या ‘शिम’ या छोट्या प्रोग्रामवर ती सही मायक्रोसॉफ्टची असते. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अपडेटने जुनी शिम बाद ठरवली आणि दोन प्रणालींच्या अनेक यंत्रांत लिनक्स सुरू होईना. यंत्र आपण विकत घेतलेले, पण पहारेकऱ्याला हुकूम दुसऱ्याचा. सिक्युअर बूट तात्पुरते बंद कुठून करायचे, हे माहीत असणाऱ्यांची यंत्रे त्या वेळी वाचली.

आणखी एक गोष्ट मला खटकते. लिनक्समध्ये मराठी उत्तम दिसते. ‘लोहित’ हा मुक्त फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी जोपासला. पण ग्रबच्या यादीत देवनागरी नीट उमटत नाही. तिथले फॉन्ट ठिपक्यांचे; जोडाक्षरे जुळवणारी, ऱ्हस्व इकार अक्षराआधी नेऊन ठेवणारी यंत्रणा त्यात नाही. वाडा मराठी बोलतो, देवडी अजून बोलत नाही. ग्रबचा कोड सर्वांना खुला आहे. लिपी आणि प्रोग्रामिंग दोन्ही जाणणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने हे काम हाती घ्यावे, एवढे मोलाचे ते नक्कीच आहे.