बुजलेला घोडा आणि बचाव-सेवकांचे शिक्षण

आग अथवा पूर यांत सापडलेल्या माणसाच्या सुटकेसाठी अग्निशामक दलाच्या सेवकाच्या अंगी जे गुण बाणवले जातात, म्हणजे त्वरा, मोठ्याने दिलेले हुकूम आणि एकाच वेळी अनेक हातांचे बळ, तेच गुण बुजलेल्या घोड्यापुढे बहुधा घातक ठरतात. म्हणून या कामाचे शिक्षण देताना नवे शिकवण्याइतकेच जुने विसरावयास लावणे आवश्यक होते. इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यात न्यू फॉरेस्टची तट्टे रानात मोकळी चरतात. तेथील अग्निशामक दलाने प्राण्यांच्या सुटकेसाठी खास पथक उभारले आहे. अमेरिकेत डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाखेचेही असे पथक आहे. घोडा अडकला असता सेवक आले नाहीत, तर मालक स्वतःच चिखलात किंवा धुरात उडी घेतो, ही गोष्ट या शिक्षणाच्या मुळाशी आहे.

पळून जाणे हेच घोड्याचे मुख्य संरक्षण होय, आणि त्याची ज्ञानेंद्रिये त्यास अनुरूप आहेत. डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्याने सुमारे ३५० अंशांचा परिसर त्यास एकाच वेळी दिसतो. न दिसणाऱ्या जागा दोनच: एक नेमकी शेपटीमागे, दुसरी कपाळासमोर अगदी जवळ. घाईतला मनुष्य नेमका याच दिशांनी पुढे सरसावतो! प्रशिक्षित सेवक भोंगा व लुकलुकणारे दिवे दूरवरच बंद करतो, तिरका चालत खांद्याच्या रोखाने येतो आणि सावकाश, खालच्या आवाजात बोलत राहतो. हात प्रथम ठेवावयाचा तो मानेच्या मुळाशी, खांद्यांवरील उंचवट्यापाशी. घोडे परस्परांस खाजवतात ते बहुधा याच जागी. फ्रान्समधील कामार्ग प्रदेशातील घोड्यांवर झालेल्या व १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथे खाजवल्याने हृदयाचे ठोके मंदावल्याचे दिसून आले.

दोर हाताभोवती कधीही गुंडाळू नये, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला जातो; घोडा उधळल्यास त्या हाताची बोटे शाबूत राहतीलच असे नाही. म्होरकी सतत ओढत राहिल्यास घोडा उलट दिशेस जोर लावतो. ताण द्यावा आणि एक पाऊल पुढे पडताच तत्क्षणी सोडावा, म्हणजे पुढचे पाऊल अधिक सहज पडते. ही गोष्ट जुन्या मोतद्दारांस ठाऊक होतीच. शिक्षणक्रमाने तिला नियमाचे रूप दिले इतकेच.

आगीत अडचण निराळी असते. भ्यालेल्या घोड्यास आपला ठाण हीच सुरक्षित जागा वाटते. ७ डिसेंबर २०१७ रोजी दक्षिण कॅलिफोर्नियातील सॅन लुइस रे डाउन्स या शर्यतीच्या घोड्यांच्या तालीमस्थळी वणवा पोचला. तेथे चारशेहून अधिक घोडे होते. दारे उघडून पुष्कळांना मोकळे सोडण्यात आले, तरीही ४६ दगावले. सुटलेल्यांपैकी काही जळत्या पागेतच परत शिरले. घोड्यास बाहेर न्यावे आणि मागचे दार बंद करावे, या साध्या सूचनेचे महत्त्व यावरून ध्यानी येते. शक्य असेल तेथे सोबत्यासह न्यावे, कारण एकटा पडलेला घोडा अधिक बुजतो.

चरात किंवा दलदलीत आडवा पडलेला घोडा सुमारे ५०० किलोग्रॅम वजनाचा असतो. मान, पाय अथवा शेपूट यांस दोर बांधून ओढल्यास सांधे व मज्जातंतू यांस इजा होते, म्हणून रुंद पट्टे धडाभोवतीच घ्यावे लागतात. हे पट्टे लांब आकड्याने सरकवावयाचे, कारण पायांच्या कक्षेत माणसाचा हातसुद्धा असू नये. सेवकाने नेहमी पाठीच्या कण्याच्या बाजूस राहावे. उठताना घोडा आधी डोके व मान झोकतो आणि पुढचे पाय टाकतो. ती जागा मोकळी हवी.

या क्रियांचा सराव घोड्याएवढ्या, सांधे असलेल्या जड पुतळ्यावर होतो. पुतळा मात्र बुजत नाही. मागे वळलेले कान, ताणलेल्या नाकपुड्या, दाबून धरलेली शेपूट, डोळ्यांतील पांढरी कड, ही भाषा शांत स्वभावाच्या जिवंत घोड्यांपाशी तासन्‌तास उभे राहूनच वाचता येते. तीही एका प्रसंगी फसवते: पशुवैद्याने गुंगीचे औषध दिलेला घोडा मान खाली घालून उभा असला, तरी स्पर्शाने दचकून अचूक लाथ झाडू शकतो. औषधानंतरही उभे राहण्याच्या जागांचा नियम तसाच पाळावयाचा असतो.