व्हिसा रद्द झाला, तर दाद कशी मागावी?

श्रोते मंडळी, आपल्याकडची पुष्कळ मुले आज ऑस्ट्रेलियात शिकायला नि नोकरीला जातात. काही तेथेच घरदार करतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हातून गुन्हा घडला आणि त्याला कैद झाली, तर शिक्षा भोगली की प्रकरण मिटले, असे गावी घरच्यांना वाटते. तिथला कायदा मात्र तेवढ्यावर थांबत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या स्थलांतर कायद्यात ५०१ वे कलम आहे. परदेशी माणसाची वर्तणूक त्या कलमाने पारखली जाते. डिसेंबर २०१४ मध्ये ते आणखी कडक झाले. १२ महिने किंवा अधिक कैदेची शिक्षा झालेला परदेशी माणूस तुरुंगात पूर्णवेळ शिक्षा भोगत असेल, तर त्याचा व्हिसा रद्द करावाच लागतो. मग व्हिसा कायम वास्तव्याचा असो, की माणसाने तेथे वीस वर्षे काढलेली असोत. शिक्षा संपली तरी तो घरी जात नाही. बहुधा त्याला स्थलांतर खात्याच्या कोठडीत ठेवतात.

मग दाद मागायची सोय नाही का? आहे. पण प्रत्येक पायरीला मुदत आहे.

पहिली पायरी अर्जाची. नोटीस मिळाल्यापासून २८ दिवसांत, व्हिसा परत द्यावा, असा लेखी अर्ज करायचा. ही मुदत वाढवून मिळत नाही. वकील मिळेपर्यंत थांबू नये. अर्ज आधी जाऊ द्यावा, पुरावे मागाहून जोडता येतात.

अधिकाऱ्याने नकार दिला, तर ९ दिवसांत प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणाकडे जायचे. ऑक्टोबर २०२४ पासून हे काम त्याच्याकडे आहे. ते सारे प्रकरण नव्याने तपासते. मात्र आपले लेखी म्हणणे सुनावणीच्या निदान २ कामकाजाच्या दिवसांआधी सरकारपक्षाला पोचले पाहिजे. नाही तर ते विचारात घेता येत नाही. ८४ दिवसांत निकाल लागला नाही, तर नकार कायम झाला असे धरतात. नकार खुद्द मंत्र्यांनी दिलेला असेल, तर हे दार बंद. मग उरते फेडरल कोर्ट. ते निर्णय कायद्याला धरून आहे का, एवढेच पाहते. माणूस सुधारला का, हे पाहत नाही.

आता तोलतात काय काय? समाजाची सुरक्षितता, घरात मारहाण झाली होती का, त्या देशाशी जुळलेले नाते, लहान मुलांचे हित आणि तिथल्या जनतेची अपेक्षा. मायदेशी धाडल्यास प्रकृती, वय, भाषा यांमुळे काय अडचणी येतील, हेही पाहतात.

इथे गावचा उपयोग होतो, बरं का! पण 'मुलगा फार चांगला आहे' एवढ्या पत्राने भागत नाही. गुन्हा काय घडला हे मला ठाऊक आहे, असे पत्रात स्पष्ट असावे. इकडे त्याला कोण आहे, कोण नाही, हे खरे खरे लिहावे. तारीख, सही नि इंग्रजी भाषांतर हवे. गुरुजींनी एवढी मदत जरूर करावी.

शेवटी नकार कायम राहिला, तर परतीची वाट बहुधा कायमची बंद होते. म्हणून लाजेने गप्प बसू नये. नोटीस आली असे कळताच पहिला प्रश्न विचारावा, कोणत्या तारखेला मिळाली? दिवस तिथूनच मोजायचे.